आउट झाला, तरी टाळ्या



शाळांचा बेसबॉलचा हंगाम नुकताच संपला. आमचा धाकटा दहावीत आहे. तो जेव्ही संघात, म्हणजे शाळेच्या मुख्य व्हर्सिटी संघाच्या खालच्या संघात खेळतो. न्यू जर्सीतल्या एप्रिलमध्ये चारची मॅच म्हणजे बोचरा वारा. ऑफिसातून लवकर निघायचं, घडीची खुर्ची नि ब्लँकेट गाडीत टाकायचं आणि मैदान गाठायचं. यंदा मी संघाचं स्कोअरबुक लिहायला घेतलं. सोबत पिचरने टाकलेले चेंडू मोजायचं छोटं यंत्रही हातात आलं. वाढत्या वयात खांदा नि कोपर जपायला हवेत, म्हणून शालेय बेसबॉलच्या राष्ट्रीय नियमावलीने २०१७ पासून चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालायला लावली आहे.

क्रिकेट पाहत वाढलेल्या मला हा खेळ सुरुवातीला जड गेला. शाळेची मॅच ७ इनिंग्जची. त्यात एकेकाला बॅटिंग मिळते जेमतेम तीन वेळा. दहापैकी तीनदा हिट मारणारा चांगला बॅटर समजला जातो. म्हणजे मूल बहुतेक वेळा आउट होऊनच परत येतं आणि जाळीच्या कुंपणाआडून आईबापांना ते बघावं लागतं.

मे महिन्यातली एक मॅच मात्र मनात राहिली आहे. माझी आई सांगलीहून आलेली होती. शाल गुंडाळून शेजारी बसली होती. सहावी इनिंग, धावा बरोबरीत, पहिल्या बेसवर आमचा एक गडी. कोचने टोपीला हात लावून खूण केली. लेकाने वरचा हात बॅटच्या मध्यापर्यंत सरकवला आणि चेंडू जोरात न मारता पुढच्या गवतात अलगद सोडला. पिचर धावत आला, त्याने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला. लेक दोन पावलांनी कमी पडला. तोवर दुसरा गडी पुढच्या बेसवर पोचला होता.

लेक परतला तेव्हा सगळा संघ उठून उभा होता. प्रत्येकाने त्याच्या हेल्मेटवर थाप मारली. आईने विचारलं, "अगं, तो आउट झाला ना? मग टाळ्या कशाला?"

मी तिला वही दाखवली. त्याच्या चौकोनात मी 'सॅक' लिहिलं होतं. दुसऱ्याला पुढे नेण्यासाठी स्वतः आउट झालेल्याची ही नोंद. ती खेळी सरासरीत धरत नाहीत. आईने चष्मा सारखा करून तो चौकोन पाहिला आणि मग तीही टाळ्या वाजवू लागली, सगळ्यांच्या थांबल्यानंतर.

पुढचे दोघे आउट झाले. धाव आली नाही, मॅचही हरलो. मी तिथे नसते आणि रात्री जेवताना "काय झालं रे?" असं विचारलं असतं, तर "हरलो" एवढंच उत्तर मिळालं असतं. मुलांच्या आयुष्यातलं कितीतरी असं असतं, की तिथे असल्याशिवाय ते कळत नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: पुढची पिढी मंडळात का येत नाही? यंदा आमचा लेकही पाडव्याच्या कार्यक्रमाला नव्हता, कारण त्या शनिवारी मॅच होती. "मुलं हल्ली येत नाहीत," असं कुणी म्हणालं तेव्हा मीही मान डोलावली. आज वाटतं, मुलांनी आपल्याकडे यावं असं म्हणताना आपण त्यांच्याकडे किती वेळा गेलो? आपल्या मुलांपैकी कुणी वाद्यवृंदात वाजवतं, कुणी पोहतं, कुणी बाकावर बसून आपली पाळी कधी येते याची वाट बघतं. त्यांना बघायला फक्त आईवडीलच असतात, आणि कधीकधी तेही नसतात.

म्हणून पुढच्या अंकापासून वार्तापत्रात एक नवं पान असेल: आपल्या मुलांच्या मॅचेस आणि कार्यक्रमांचं वेळापत्रक. मुलांना विचारूनच ते आमच्याकडे पाठवा. इतरांना एवढीच विनंती, की वर्षातून एकदा तरी दुसऱ्याच्या मुलाचा खेळ बघायला जा. काका, मावशी, आजी, आजोबा होऊन जा.

मार्चमध्ये सराव पुन्हा सुरू होईल. येताना खुर्ची आणा. ब्लँकेट आणि थर्मासमधला चहा आमच्याकडे असेल.

आपली,
संपादक