शिवीपेक्षा संशय घातक

उमरखेडचा मतदार जिल्ह्याने यवतमाळचा, पण लोकसभेला हिंगोलीचा. त्यामुळे विदर्भ आणि मराठवाडा या दोन्हीकडच्या राजकारणाची धग या तालुक्याला लागते. 2022 साली शिवसेना फुटली आणि हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. 2024 मध्ये त्यांची जाहीर झालेली उमेदवारी मागे घेतली गेली, त्यांच्या जागी बाबूराव कदम कोहळीकर उभे राहिले आणि ठाकरे गटाच्या नागेश पाटील आष्टीकरांनी त्यांना हरवले. दरम्यान 2023 मध्ये राष्ट्रवादीही फुटली. वर्षानुवर्षे एकच झेंडा खांद्यावर घेतलेली माणसे समोरासमोर आली. या उलथापालथीची गणिते मुंबई-दिल्लीत मांडली गेली. किंमत मात्र पानठेल्यावर, बाजार समितीच्या आवारात आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकवली जात आहे. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झालेला असताना बाजारात त्याहून कमी भाव का मिळतो, असे कोणी विचारले, की विचारणारा कोणत्या गटाचा हे आधी शोधले जाते. दुसऱ्या मेसेजला ‘गद्दार’, ‘अंधभक्त’, ‘चमचा’ येते आणि तिसऱ्याला आईबहीण.

शिवी वाईटच. पण बोलणे तिच्यामुळे संपत नाही. ते आधीच, ‘किती घेतले?’ या प्रश्नापाशी संपलेले असते. शिवी खाल्लेला माणूस चिडतो, दोन शब्द उलट ऐकवतो आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच टपरीवर येऊन बसतो. ‘तू विकला गेलास’ हे ऐकलेल्या माणसाला मात्र उत्तरच उरत नाही, कारण आपण पैसे घेतले नाहीत हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. मग त्याने इसापूरच्या कालव्याला पाणी कधी सुटले याच्या तारखा मांडल्या, तरी त्या तारखाही विकत घेतलेल्या ठरतात. ऑगस्ट 2022 मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके’ची घोषणा दिली. पक्ष फुटण्यामागे कोणता व्यवहार झाला, हे सत्तेला विचारण्याचा त्यांना पुरेपूर हक्क होता. पण ती घोषणा गावात पोहोचेपर्यंत तिचा नेम आमदारांवरून सुटून शेजाऱ्यावर आला. पीकविम्याच्या पैशांची वाट पाहणाऱ्या कार्यकर्त्यालाच खोक्यांचा हिशेब मागितला जाऊ लागला. समोरच्या बाजूनेही तेच केले. सरकारला प्रश्न विचारणारा दिसला, की त्याला देशद्रोही किंवा ‘अर्बन नक्षल’ ठरवून ती मोकळी झाली.

यावर उपाय म्हणून आपल्याकडे पहिल्यांदा पोलीस ठाणे आठवते. गेल्या काही वर्षांचा अनुभव काय सांगतो ते पाहा. ऑगस्ट 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल कानाखाली मारण्याची भाषा केली म्हणून केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना अटक झाली. मे 2022 मध्ये शरद पवार यांच्याबद्दलची फेसबुक पोस्ट टाकल्यावरून केतकी चितळे यांना अटक झाली आणि त्या सुमारे 40 दिवस आत राहिल्या. मार्च 2025 मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनासाठी कुणाल कामरा यांच्यावर गुन्हा दाखल झाला, कार्यक्रम झाला ती खारची जागा शिवसैनिकांनी फोडली आणि अटकेपासून संरक्षण मिळवण्यासाठी कामरांना उच्च न्यायालयात जावे लागले. तीन प्रकरणे, मधल्या काळात सरकारे बदललेली. चितळेंच्या अटकेवर खूश झालेल्या अनेकांना कामरांच्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवले. 2022 मध्ये ज्यांना ते आठवले होते, त्यातले अनेक 2025 मध्ये तोडफोडीचे समर्थन करत होते. आणि भाषा? सप्टेंबर 2025 मध्ये आमदार गोपीचंद पडळकर यांनी जयंत पाटील यांच्या जन्मावरून जे शब्द वापरले, ते आधीच्या सगळ्यांपेक्षा खालचे होते. अटकांनी जीभ सुधारली नाही. आपला माणूस आत गेला की राग, त्यांचा गेला की आनंद, एवढीच सवय लोकांना लागली.

याच काळातले एक प्रकरण वेगळ्या रीतीने हाताळले गेले. जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी प्रसाद लाड यांच्याविरुद्ध शिवराळ भाषा वापरली. सभागृहाने त्यांना पाच दिवसांसाठी निलंबित केले, दानवेंनी दिलगिरी व्यक्त केली, निलंबन तीन दिवसांवर आले. अटक नाही, जामीन नाही, वर्षानुवर्षे चालणारा खटला नाही. जिथे शब्द उच्चारला गेला तिथेच त्याची दखल घेतली गेली आणि बोलणाऱ्याला परत येण्याची वाट मोकळी राहिली. गावच्या ग्रुपलाही हीच रीत जमण्यासारखी आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केले, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. हा निकाल म्हणजे हात झटकण्याची सोय आहे असे आम्हांला वाटत नाही. शिवी देणाऱ्याला आठ दिवस बाहेर ठेवणे आणि कोणत्याही गटाचा असला तरी त्याच नियमाने बाहेर ठेवणे, यासाठी अ‍ॅडमिनला कलमाची भीती लागू नये.

या प्रश्नावर नागपूरने देशाला एक मापही दिलेले आहे. यवतमाळ जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, तेव्हा 1946 मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितले, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने तपासावा. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेने नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये रद्द केला, तो याच कसोटीवर. मार्च 2025 मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करतानाही तीच कसोटी वापरली गेली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 352 खालचा, म्हणजे शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेल्या अपमानाचा गुन्हा अदखलपात्र आहे, हेही तक्रार घेऊन ठाण्यात जाणाऱ्या पुढाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: सगळे शब्द सारखे नसतात. राजकीय भांडण दोन पुरुषांचे असते आणि शिवी त्यांच्या घरातल्या बाईवरून दिली जाते. बाई बोलायला उभी राहिली, तर तिच्या मुद्द्याआधी चारित्र्य काढले जाते. जातीवरून बोलणे तर त्याहून वेगळे. उमरखेड विधानसभेची जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. इथल्या उमेदवाराला जातीवरून हिणवणे म्हणजे ज्या अपमानापायी ती राखीव करावी लागली तोच पुन्हा करणे. म्हणून 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांदेखत जातीवरून अपमानित करणे गुन्हा ठरवले, ते योग्यच आहे. तिथे, आणि थेट हिंसेची चिथावणी असेल तिथे, पोलिसांनी तत्काळ यावे. पण नेत्याचा मान दुखावला, या कारणासाठी त्याच यंत्रणेला राबवले, की खऱ्या पीडितेची तक्रारही लोकांना पक्षीय वाटू लागते.

उलट बाजूनेही विचारले जाते: कापूस-सोयाबीन मातीमोल विकणाऱ्याने गोड कसे बोलावे? बोलू नये. पोळ्याला तोरणाखाली उभे राहून म्हटल्या जाणाऱ्या झडत्या आठवा. त्यांत सरकार, सावकार, आमदार कोणालाच सोडत नाहीत. झडती बोचरी असते, पण सगळ्या गावासमोर, तोंड दाखवून म्हटलेली असते. तिचा रोख भावावर, कर्जावर, न आलेल्या मदतीवर असतो. आणि समोरच्यालाही लगेच उलट झडती म्हणता येते. एवढी धार ठेवूनही गावाचा पोळा फुटत आला आहे. बनावट नावाने रात्री टाकलेल्या पोस्टमध्ये यातले काहीच नसते.

भाषेच्या सभ्यतेचा आग्रह धरताना याच जिल्ह्यातली जानेवारी 2019 ची घटना विसरता येणार नाही. यवतमाळच्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण, संमेलन उधळण्याच्या इशाऱ्यानंतर मागे घेतले गेले. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. सहगल यांचे न झालेले भाषण नंतर महाराष्ट्रभर वाचले गेले. त्यात एकही असभ्य शब्द नव्हता. म्हणजे सभ्य बोलणाऱ्यालाही इथे व्यासपीठ नाकारले गेलेले आहे, आणि म्हणूनच सभ्यतेची मागणी आम्ही पोलिसांकडे किंवा झुंडीकडे सोपवायला तयार नाही.

ती आम्ही उमरखेडच्या सर्व पक्षांच्या तालुकाध्यक्षांकडे करतो. पुढच्या प्रचाराचा नारळ फुटण्याआधी त्यांनी एका व्यासपीठावर येऊन तीन गोष्टी जाहीर कराव्यात: आपल्या कार्यकर्त्याने बाईवरून किंवा जातीवरून शिवी दिली, तर पहिला जाहीर निषेध आपण करू, समोरच्याने पैसे घेतल्याचा आरोप पुराव्याशिवाय आपल्या सभेत होऊ देणार नाही, आणि आपल्या नेत्यावर टीका केली म्हणून कोणावर गुन्हा नोंदवायला ठाण्यात जाणार नाही. आचारसंहिता टीकेला धोरण, कार्यक्रम आणि कामगिरी यांपुरती राहायला सांगतेच. फक्त ती निवडणूक प्रक्रिया संपेपर्यंतच असते, आणि गावाला एकमेकांशी बोलायचे असते ते त्यानंतरची पाच वर्षे.