लीनेन जगाला कळले, निरवांगी केव्हा कळणार?

एखादे हौशी नाट्यमंडळ आयरिश ‘ब्लॅक कॉमेडी’ रंगवू लागले की आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. तथाकथित पुरोगामी मंडळी प्रयोग पाहण्यापूर्वीच त्याला ‘धाडसी’ ठरवून मोकळी होतात. आपल्यातील काही जण, तेही प्रयोग न पाहताच, संस्कृतीवर घाला आल्याची हाकाटी करतात. या दोन्ही प्रतिक्रिया आळसातून जन्मलेल्या आहेत. खरा प्रश्न नाटक कोठून आले हा नसून, ते येथे रुजले काय, हा आहे.

परदेशी कथावस्तूचे मराठी रंगभूमीला कधीच वावडे नव्हते. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये आयरिश नाटककार आर्थर मर्फीच्या नाटकावरून ‘फाल्गुनराव’ रचले. पुढे १९१६ मध्ये तेच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. मर्फीनेही मूळ कल्पना मोलिएरकडून घेतली होती. पण फाल्गुनराव पाहताना कोणाला डब्लिन वा पॅरिस आठवते? डब्लिनच्याच बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’ पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ म्हणून १९७५ मध्ये आणले, तेव्हा ती फुलवाली मराठीच बोलली. याला पचविणे म्हणतात. पात्रांची नावे बदलून परक्याचे दुःख जसेच्या तसे बोलून दाखविणे ही निव्वळ उसनवारी होय.

आणि ज्यांचे आपण अनुकरण करतो, त्या आयरिशांनी काय केले? २६ जानेवारी १९०७ रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरात सिंगचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ रंगभूमीवर आले. बापाला ठार मारल्याची फुशारकी मारणाऱ्या तरुणाला गाव डोक्यावर घेते, हा त्याचा विषय. राष्ट्रवादी आयरिश खवळले, नाट्यगृहात दंगा झाला, पोलीस बोलवावे लागले. गुलाम राष्ट्राला स्वतःची विटंबना अधिक झोंबते. त्या संतापात स्वाभिमान होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सिंग ॲरन बेटांवर राहून शेतकऱ्यांची व कोळ्यांची बोली कानांत साठवून आला होता. म्हणूनच ते नाटक दंग्याला पुरून उरले आणि आज आयर्लंड त्याला आपले भूषण मानतो.

त्याच १९०७ साली, त्याच साम्राज्याच्या टाचेखाली, खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारला नाटकावर बंदी घालावी लागली. सत्तेला घाम फुटला, तो आपल्याच मातीतील नाटकाने!

आता अलीकडचे उदाहरण पाहा. १९७५ मध्ये गॉलवे या लहान शहरात महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘ड्रुइड’ ही नाट्यसंस्था काढली. ती आपली नाटके खेडोपाडी घेऊन जाई. १९९६ मध्ये तिने मार्टिन मॅक्डोनाचे ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’ सादर केले. लीनेन हे गॉलवे परगण्यातील एक खेडे. तेथे हेकट म्हातारी आई मुलीला आलेले पत्र जाळते आणि त्यातून हत्येपर्यंतचे विपरीत घडते. हसता हसता अंगावर काटा आणणारे हे नाटक लंडनला गेले, न्यूयॉर्कला गेले. एका खेड्याचे नाव जगाला कळले.

मग नीरेकाठच्या निरवांगीत नाट्य नाही काय? बांधाच्या वितीवरून आयुष्यभर न बोलणारे भाऊ, कालव्याच्या पाळीसाठी रात्र जागणारा शेतकरी, उसाचे बिल आणि मुलाचे न जमणारे लग्न, शहरात गेलेल्या मुलाच्या फोनकडे कान लावून बसलेली आई, हे सारे इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात उघड्यावर पडले आहे. त्यात काळाकुट्ट विनोदही आहे आणि करुणाही. उणीव आहे ती ते ऐकणाऱ्या लेखकाची!

तालुक्याच्या मंडळाने आयरिश नाटक अवश्य करावे, पण पुढचे नाटक आपल्या गावाचे लिहिण्यासाठी. आणि निषेधाचे फलक रंगविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आधी प्रेक्षागृहात तिकीट काढून बसावे, मंडळाला तालमीसाठी जागा मिळवून द्यावी, यात्रेच्या मंडपात एक रात्र नाटकासाठी राखावी. न पटलेल्या नाटकाला अधिक चांगले नाटक हेच उत्तर असते. ते लिहिण्याची धमक आपल्यात नसेल, तर परक्याच्या नाटकाला नावे ठेवण्याचा अधिकार तरी आपल्याला कोठून येणार?