बंदीत बॅटरी बोटीवर सोडू नका

मंडळी, १ जून ते ३१ जुलै बंदी. जाळी धुऊन, सुकवून ठेवतात सगळे, बॅटरी मात्र बोटीवरच. ऑगस्टमध्ये स्टार्टर नुसता टकटक करतो, मग कंपनीला शिव्या! मला हे पटत नाही. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, प्लेटींवर सल्फेट घट्ट बसतं, मग कितीही चार्ज करा, धरत नाही.

काढताना आधी निगेटिव्ह. फुल चार्ज करून हवेशीर जागी ठेवा, चार्जिंगला हायड्रोजन निघतो, म्हणून चूल, विडी लांब. महिन्याने मीटर लावा, १२.४ व्होल्टखाली गेली की परत चार्ज. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नको.

वायरलेस, जीपीएस, दिवे तिच्यावरच चालतात. पहिल्या फेरीआधी तांडेलाने स्वतः तपासावी, खलाशावर सोडू नये.