भांडी घासली, पण वाळवली का?

शाळेत दुपारची खिचडी खाऊन झाली की नळावर ताटं धुवायला रांग लागते. धुतलं की ताट ओलंच दप्तरात! दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो.

घरीही तेच. बीड, अंबाजोगाईच्या नव्या घरांत ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या आल्या. दिसायला छान, पण ओली भांडी आत ढकलली की हवा लागत नाही. ओल राहते, जंतू वाढतात, झुरळं येतात. आजीची भिंतीवरची मांडणी उघडी असायची, भांडी आपोआप सुकायची. मला विचाराल तर तीच बरी.

भांडी जाळीच्या टोपलीत पालथी, जराशी तिरपी ठेवावीत, ताटं उभी. एकात एक घालू नयेत. बोअरच्या जड पाण्यानं पेल्यांवर पांढरे डाग पडतात, तेवढ्यांना कोरडं फडकं मारावं. ओटा पुसलेलं फडकं मात्र नको. लोखंडी तवा लगेच पुसायचा, नाहीतर गंजतो.

आता खरा मुद्दा. दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला जातात, लेकरं आजीपाशी राहतात आणि भांडी येतात मुलीच्याच वाट्याला. "सर, गृहपाठाला वेळच नाही मिळाला," असं तीच सांगते. तिनं घासली तर भावानं निदान वाळवून जागेवर लावावीत. दहा मिनिटांचं काम आहे. (मीही हे लग्नानंतरच शिकलो.)

परवा वर्गात विचारलं, घरी भांडी कोण लावतं? एकाही मुलाचा हात वर आला नाही. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.