गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या तर…



'सूर्य उगवलाच नाही तर', 'मोबाईल नसता तर' असे कल्पनाप्रधान निबंध आपण मुलांकडून वर्षानुवर्षे लिहून घेतो. आज त्या यादीत एका विषयाची भर घालावीशी वाटते : 'गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या तर…' फरक एवढाच, की हा विषय आता निव्वळ कल्पनेचा राहिलेला नाही. हे तंत्रज्ञान तयार आहे आणि खऱ्या रस्त्यांवर तपासूनही झाले आहे. प्रश्न आहे तो ते आधी कोणाला मिळावे याचा. माझे मत असे, की आपल्याकडे त्याची सुरुवात महागड्या मोटारींपासून न होता एसटी, शाळेची बस, ट्रक, उसाचे ट्रॅक्टर आणि दुचाकी यांच्यापासून व्हायला हवी. का, ते सांगतो.

गाड्या आताही बोलतातच

घाटात 'वळणावर हॉर्न द्या' अशी पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. ट्रकच्या मागे गाडी अडकली की ट्रकमधला क्लीनर हात बाहेर काढून 'या पुढे' अशी खूण करतो. समोरून येणाऱ्याने डिपर मारला की समजायचे, पुढे काहीतरी घोळ आहे. म्हणजे वाहने एकमेकांशी पूर्वीपासून बोलतच आली आहेत. पण ही भाषा तोकडी आहे. हॉर्न ऐकून कोणीतरी येतंय एवढे कळते. किती वेगाने येतंय, त्याने ब्रेक दाबलाय का, हे कळत नाही. पावसाळ्यात आंबोली घाटात धुके उतरले की डिपरचाही फारसा उपयोग होत नाही.

नवे तंत्रज्ञान ही भाषा पूर्ण करते. वाहनात एक छोटा रेडिओ संच असतो आणि जागा ओळखण्यासाठी जीपीएस असते. हा संच सेकंदाला साधारण १० वेळा आजूबाजूला एक संदेश पाठवतो : मी इथे आहे, माझा वेग इतका आहे, मी या दिशेने चाललो आहे, मी आत्ता ब्रेक दाबला आहे. मोकळ्या रस्त्यावर हा संदेश सुमारे ३०० मीटरपर्यंत पोहोचतो. समोरच्या वाहनातला संच तो ऐकतो, टक्कर होण्यासारखी स्थिती आहे का याचा हिशोब करतो आणि तशी असेल तरच चालकाला आवाज देऊन सावध करतो. याला 'व्हेईकल टू व्हेईकल' संवाद म्हणतात. असाच संच सिग्नलच्या खांबावर बसवला तर वाहन आणि सिग्नलही बोलू शकतात.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, हे गुगल मॅपसारखे नाही. संदेश थेट एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जातो. त्यामुळे मोबाईलची रेंज नसली तरी काम चालते. दुसरा, संदेशात चालकाचे नाव किंवा गाडीचा नंबर नसतो. वाहनाला तात्पुरती ओळख दिलेली असते आणि तीही थोड्या थोड्या वेळाने बदलते.

जरा गणित करून पाहू

समजा, घाटातल्या एका वळणावर दोन वाहने समोरासमोर येत आहेत. दोघांचाही वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. दोघे मिळून दर सेकंदाला २२ मीटर जवळ येतात. वळणामुळे ती एकमेकांना दिसली तेव्हा मध्ये फक्त ३० मीटर उरले होते. ३० भागिले २२, म्हणजे जेमतेम १.४ सेकंद. धोका दिसणे, तो समजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यालाच माणसाला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे चालक कितीही कुशल असला, तरी ब्रेक लागेपर्यंत वेळ जवळजवळ संपलेली असते.

आता हीच सूचना दोघांना २०० मीटरवर मिळाली असे समजा. २०० भागिले २२, म्हणजे ९ सेकंद. नऊ सेकंदांत वेग कमी होतो, गाडी आपल्या बाजूला घेता येते, चुकीच्या जागी चाललेले ओव्हरटेक सोडून देता येते. या तंत्रज्ञानाची सगळी किंमत या सेकंदांत आहे.

अर्थात डोंगराचा कडा रेडिओ लहरींनाही अडवतो. म्हणून घाटात नुसते वाहनातले संच पुरणार नाहीत. वळणावर खांब लागेल, जो एका बाजूचा संदेश दुसऱ्या बाजूला पोहोचवील. आजच्या पाटीच्या जागी उद्या बोलणारा खांब, असे म्हणा ना!

मग हे सगळीकडे का नाही?

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरात २०१२ मध्ये जवळपास तीन हजार वाहनांवर याचा मोठा प्रयोग सुरू झाला. तिथल्या रस्ते सुरक्षा विभागाने २०१४ मध्ये अंदाज मांडला. चौकात आडव्या येणाऱ्या वाहनाची सूचना आणि डावीकडे वळतानाची सूचना, एवढ्या दोनच सोयी सगळ्या वाहनांत आल्या, तर वर्षाला ५ लाख ९२ हजारांपर्यंत अपघात टळू शकतील आणि १,०८३ पर्यंत जीव वाचू शकतील. (तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे त्यांचे डावे वळण म्हणजे आपले उजवे.) २०१६ च्या डिसेंबरात हे संच नव्या गाड्यांत सक्तीचे करण्याचा प्रस्ताव आला. पण तो रेंगाळला आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला. दरम्यान १९९९ पासून यासाठी राखून ठेवलेल्या रेडिओ पट्ट्यातला निम्म्याहून मोठा भाग २०२० मध्ये वाय-फायला देण्याचा निर्णय झाला. जपानमध्ये टोयोटाने २०१५ मध्ये आणि युरोपात फोक्सवॅगनने २०१९ च्या गोल्फमध्ये अशी यंत्रणा आणली, पण प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

हे का अडले, ते दहावीच्या 'संभाव्यता' या प्रकरणातून मुलांनाही समजेल. समजा, दर १० वाहनांपैकी एकातच हा संच आहे. मग समोरासमोर आलेल्या दोन्ही वाहनांत तो असण्याची शक्यता किती? एक दशांश गुणिले एक दशांश, म्हणजे शंभरात एक. निम्म्या वाहनांत बसवला तरी चारात एकच. सीटबेल्ट मी एकट्याने लावला तरी माझा जीव वाचवतो. हा संच मात्र दुसऱ्याकडेही असेल तरच उपयोगी. त्यामुळे आधी पैसे घालणाऱ्याला फायदा कमी, आणि मग आधी कोणीच घालत नाही.

अमेरिकेतल्याच युटा राज्याने यातून एक वाट काढली. सॉल्ट लेक सिटीजवळच्या रेडवूड रोडवर २०१७ मध्ये त्यांनी सिग्नलवर आणि सार्वजनिक बसमध्ये असे संच बसवले. बस वेळेपेक्षा मागे पडली असेल तरच ती सिग्नलला हिरवा दिवा जरा जास्त वेळ ठेवण्याची विनंती करते. सगळ्या मोटारमालकांची वाट बघत बसावे लागले नाही. बस सरकारी, सिग्नल सरकारी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन्ही टोकांना संच. मला ही गोष्ट फार शिकण्यासारखी वाटते.

आपल्याकडे मरते कोण?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे दर तासाला १९. आपली एक शाळेची तासिका संपेपर्यंत डझनभर घरांत रडारड. मृतांपैकी साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. १८ वर्षांखालची मुले साडेनऊ हजारांच्या घरात होती.

हे आकडे समोर ठेवून विचार करा. हा संच फक्त वरच्या किमतीच्या मोटारींत आला, तर त्या मोटारी एकमेकींशी छान बोलतील. दुचाकीवरचा पोरगा आणि रस्ता ओलांडणारी आजी मात्र त्या संभाषणात कुठेच नसतील. आधीच जो सुरक्षित आहे तोच आणखी सुरक्षित होईल.

म्हणून सुरुवात अशी व्हावी. एसटी बस आणि रुग्णवाहिका या ठरलेल्या आणि मोजता येणाऱ्या गाड्या आहेत. त्यांच्यात आणि मोठ्या शहरांच्या सिग्नलवर संच आधी बसवावेत. घाटातल्या धोक्याच्या वळणांवर खांब उभे करावेत. शाळेच्या बसला असा साधा संदेश पाठवता यावा, की 'मी थांबले आहे, मुले उतरत आहेत.' गळीत हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारा, मागे धड दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर आपल्याला चांगला माहीत आहे. त्याला नुसते 'मी इथे आहे' सांगणारा स्वस्त संच दिला तरी मागून येणाऱ्या बसला तो कळेल. आणि दुचाकीसाठीचा संच परवडणाऱ्या किमतीत, नव्या गाडीबरोबरच यायला हवा.

हे अशक्य नाही. फास्टॅग आठवा. तोही बिनतारीच आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर तो चारचाकींना सक्तीचा झाला आणि बघता बघता काचेवरचा स्टिकर नेहमीचा झाला. सगळ्यांना लागू केला म्हणून तो चालला. पैसे गोळा करण्यासाठी जे जमले, ते जीव वाचवण्यासाठीही जमायला हवे.

'आधी खड्डे बुजवा!'

कोणी म्हणेल, सर, इथे खड्डे बुजत नाहीत, लोक हेल्मेट घालत नाहीत, आणि तुम्ही बिनतारी संदेशाचं काय सांगताय? आक्षेप रास्त आहे. खड्डे, हेल्मेट, ट्रॉलीचे रिफ्लेक्टर ही कामे आधीच व्हायला हवीत आणि त्यांना कुठलाही संच पर्याय नाही. त्याच २०२२ मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. जो मुद्दाम सुसाट जातो, त्याला संच ओरडून सांगेल, पण त्याचा पाय ब्रेकवर ठेवणार नाही. शिवाय संच उगाचच सारखा वाजत राहिला, तर चालक तो बंदच करून टाकेल.

पण हेल्मेट घातलेला, सावकाश चाललेला, नियम पाळणारा माणूसही आंधळ्या वळणावर जातो. त्याची काही चूक नसते. त्याला फक्त दिसलेले नसते. त्याच्यासाठी हे तंत्रज्ञान हवे. खड्डे बुजवणे आणि हे करणे, यांत एकच निवडायचे असे थोडेच आहे?

आपण काय करू शकतो?

वर्गात वरची दोन्ही गणिते सोडवून घ्या. वेग, अंतर आणि वेळ यांचे उदाहरण आगगाडी आणि पुलाऐवजी गावाजवळच्या वळणाचे द्या. मुलांना शाळेच्या वाटेवरची 'न दिसणारी' ठिकाणे शोधायला सांगा : कुठे झाडी आहे, कुठे भिंत आहे, कुठे उभ्या ट्रकमुळे रस्ता दिसत नाही. तो नकाशा ग्रामसभेत मांडता येईल. संच येईल तेव्हा येईल, झाडी उद्याही छाटता येते.

पालकांनी नवी गाडी घेताना टचस्क्रीन किती इंचांची, याच्याआधी सुरक्षेच्या सोयी विचाराव्यात. आणि सोळा-सतरा वर्षांच्या लेकाच्या हातात गाडीची किल्ली देण्याआधी त्याला १.४ सेकंदांचे गणित एकदा करायला लावावे.

मुलांना निबंधाचा विषय जरूर द्या. पण शेवटी एक प्रश्नही विचारा : 'गाड्या बोलू लागल्या, तर सगळ्यात आधी कोणाची गाडी बोलायला हवी?' आपली मुले 'आमच्या शाळेची बस' म्हणतील असे मला वाटते, आणि ते अगदी बरोबर असेल.

तुमचे मत काय, ते जरूर कळवा.