विश्लेषण : गोदाम किती किलोमीटरवर, की किती तासांवर?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर थेट भिवंडी तालुक्याशी जोडले गेले. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग आमणे येथे संपतो. मालाचा प्रवास मात्र तिथे संपत नाही. गोदामाचे दार किंवा न्हावा-शेवा बंदर गाठायला पुढे जुनेच, गर्दीचे रस्ते आहेत. एखादे लॉजिस्टिक हब ‘सोयीचे’ आहे की नाही, हे बहुधा या शेवटच्या टप्प्यावर ठरते.

अंतर मोजणे पुरेसे का नाही?
कारला मिळणारा वेग ट्रेलरला मिळत नाही. अनेक शहरांत अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच प्रवेश असतो. म्हणून मोजायचा तो ट्रकला लागणारा वेळ.

मोजतात कसे?
हबपासून, समजा, चार तासांत ट्रक जिथवर पोहोचतो तो परिसर नकाशावर आखतात आणि त्यात किती औद्योगिक वसाहती व बाजार समित्या येतात ते मोजतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणच्या मालाला गुण दिले जातात. लागणारा वेळ वाढेल तसे गुण कमी होतात. वाहनांच्या जीपीएस आणि टोलनाक्यांवरील फास्टॅग नोंदींतून प्रत्यक्ष वेळ काढता येतो.

सरासरी का फसवते?
समजा, एका गोदामातून बंदरापर्यंतच्या दहाही फेऱ्या दोन तासांत होतात. दुसऱ्याच्या आठ फेऱ्या दीड तासात, तर दोन चार तासांत होतात. सरासरी दोन्हींची दोन तासच. पण दुसऱ्या ठिकाणच्या वाहतूकदाराला रोज चार तास धरूनच निघावे लागते. निर्यातीचा कंटेनर मुदतीत पोहोचला नाही तर जहाज चुकते. लासलगावच्या कांद्याला कोंडीत तासन्‌तास उभे राहणे परवडत नाही.

मग काय हवे?
राज्याच्या २०२४ च्या लॉजिस्टिक धोरणात जिल्हा व प्रादेशिक पातळीवर हब उभारण्याची योजना आहे. जागा निश्चित करण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणाचे दोन आकडे जाहीर व्हायला हवेत : ट्रकला एरवी लागणारा वेळ आणि वाईट दिवशी, विशेषतः पावसाळ्यात, लागणारा वेळ. या दोहोंत मोठी तफावत असेल तर आधी जोडरस्ता, चौक आणि ट्रक टर्मिनलवर खर्च करावा, गोदामांचे भूमिपूजन नंतर. नाहीतर महामार्गावर वाचवलेले तास शेवटच्या काही किलोमीटरमध्येच खर्ची पडतील.