आकडा कमी, म्हणून गोळी?

१९८८ मध्ये शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा आपल्या भागातला पशुवैद्यक म्हणजे गाई-म्हशींचा आणि शेळ्या-मेंढ्यांचा डॉक्टर. आता महामार्गालगतच्या दवाखान्यात संध्याकाळी लॅब्रॅडॉर बसलेले असतात आणि मालकाच्या मोबाईलवर रिपोर्ट तयार असतो. ‘डॉक्टर, टी-फोर कमी आलाय. गोळी चालू करायची ना?’ या प्रश्नाला आपण फार लवकर हो म्हणतो, असं आमचं मत आहे.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन यांना थायरॉईडचं हार्मोन (टी-फोर) कमी पडण्याचा आजार होतो, यात वाद नाही. मध्यम वयाचं कुत्रं सुस्तावतं, खाणं तेच असून वजन वाढतं, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात आणि खाज मात्र नसते. शेपूट उघडी पडते, कोलेस्टेरॉल चढतं. असं कुत्रं समोर असेल, टी-फोर कमी आणि टीएसएच जास्त असेल, तर बेलाशक औषध द्या. (खऱ्या रुग्णांपैकी पाचातल्या एका-दोघांत टीएसएच नॉर्मलच येतं, तिथे फ्री टी-फोर मागवावा.) चिठ्ठी लिहिल्यावर मेडिकलवाल्याचा फोन येणार, हेही धरून चाला. माणसाला दिवसभरात किलोमागे दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन पुरतं. कुत्र्याला वीस, तेही दिवसातून दोनदा. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला एका वेळी सहाशे मायक्रोग्रॅम पाहून तो बिचारा चमकणारच.

पण गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीचा, गोचीडतापातल्या किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याचा टी-फोरही कमीच येतो. ग्रंथी शाबूत असते. मूळ दुखणं बरं झालं की आकडा आपोआप वर येतो. प्रेडनिसोलोन आणि फिनोबार्बिटोन यांनीही तो उतरतो. खाजेसाठी तीन आठवडे प्रेडनिसोलोन घेतलेल्या कुत्र्याची थायरॉईड तपासणी करणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जत, आटपाडी, माणकडच्या कारवानी आणि पश्मी कुत्र्यांची. ग्रेहाउंड, सालुकी, स्लूगी या धावणाऱ्या शिकारी जातींत अगदी ठणठणीत कुत्र्याचा टी-फोर लॅबने छापलेल्या खालच्या मर्यादेला टेकलेला किंवा तिच्याही खाली असतो. कारवानी त्याच घडणीचा. लॅबची मर्यादा मात्र सगळ्या जाती एकत्र धरून काढलेली. त्या आकड्यावर विसंबून थायरॉक्सिन सुरू केलं, की आधीच सडपातळ असलेलं जनावर आणखी खंगतं, धापा टाकतं, नाडी धावते. शिवाय बाहेरून हार्मोन मिळाल्यावर त्याची स्वतःची ग्रंथी काम थांबवते. खरं-खोटं करायचं तर गोळी सहा ते आठ आठवडे बंद ठेवून पुन्हा रक्त घ्यावं लागतं.

शेळ्यांत नेमकं उलटं होतं. तिथे गळ्याची गाठ हाताला लागते आणि आपण ती सोडून देतो. करडू मेलेलं किंवा अशक्त जन्मलं, अंगावर लव नाही आणि घशाखाली गाठ असेल, तर गाभण शेळीला आयोडीन कमी पडलं, असा संशय घ्यावा. माणसाच्या मिठात आयोडीन असणं २००६ पासून कायद्याने बंधनकारक आहे. जनावरांपुढे टाकलेल्या खडे मिठाला तो नियम लागू नाही. गाभण काळात आयोडीनयुक्त खनिज मिश्रण द्यायला सांगा आणि सुबाभळीचा पाला किती चालू आहे, तेही विचारा. त्यातल्या मिमोसिनपासून पोटात बनणारा पदार्थ थायरॉईडच्या आड येतो. तो मोडणारे जिवाणू ज्यांच्या पोटात आहेत, त्या जनावरांना त्रास होत नाही. तरी पाला हा निम्म्याहून कमीच चारा असावा. भरपूर दूध पिऊन गुबगुबीत झालेल्या, उड्या मारणाऱ्या करडाच्या घशाखालची मऊ सूज मात्र बहुधा थायमसची असते. तिला हात लावू नका, चिरू तर अजिबात नका.

सातारा-सांगलीतल्या सदस्यांना एक विनंती. निरोगी कारवानी किंवा पश्मी कुत्र्याचं रक्त दुसऱ्या कारणाने काढलंत, तर मालकाला विचारून टी-फोर आणि टीएसएचही करून घ्या. वय, लिंग, चालू औषधं आणि लॅबचं नाव यांसह आकडे आमच्याकडे पाठवा. पुरेसे जमले की याच मासिकात छापू.